अर्धा तोळा सोनं

माझ्या वडलांना कुठलीही वस्तू हातात आली की ती तळहातावर दोनदा झेलायची सवय होती. वांगं असो, सुपारी असो, लोहाराकडून आणलेला विळा असो. हात खाली-वर व्हायचा आणि मग नाकातून एक 'हं' निघायचा. त्या 'हं'मध्ये वस्तूचं वजन, विकणाऱ्याची नियत आणि आपण किती फसलो याचा अंदाज, सगळं आलेलं असायचं. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. कोळवणच्या खोऱ्यात आमची भाताची खाचरं होती, खाऊनपिऊन घर बरं होतं, पण आबांचा कुणावर विश्वास म्हणून नव्हता. पोस्टमन वाटेत हसला तरी घरी येऊन विचारायचे, "आज का हासला आसंल?"

असल्या माणसाच्या पोटी मुलगी जन्माला आली की तिचं लग्न ठरवणं म्हणजे काय असतं, ते मी भोगलंय. मुलाकडची माणसं चांगली वागली की आबांच्या मनात पाल चुकचुकायची, वाईट वागली की विषयच मिटायचा. पहिलं स्थळ आलं ते छकड्यातून, बैल देखणे. आबा म्हणाले, बैल उसने हायेत. चौकशी केली तर खरंच उसने निघाले. ते खरं निघालं, तेच वाईट झालं. दुसऱ्या स्थळी मुलगा चहा पिताना दोनदा खोकला. आबांनी तिथंच मनात फुली मारली. त्या मुलाचं पुढं दुसरीकडं लग्न झालं, आणि मी त्याला पौडच्या बाजारात ज्वारीचं पोतं पाठीवर टाकून चालताना बघितलंय. खोकला कसला नि काय. पण स्थळ मोडलं ते मोडलं.

मोडतं कोण, हे गाव बघत नाही. नाव मुलीचं होतं. मी एकोणीस वर्षांची होते, बरोबरीच्या पोरी माहेरपणाला येत होत्या, आणि विहिरीवर बायका मला बघून आवाज खाली करायला लागल्या होत्या. तिसरं मोडलं असतं तर चौथं आलंच नसतं. आलं असतं ते बिजवराचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आईच्या तोंडाकडं बघून कळत होतं.

तिसरं स्थळ मामानं आणलं. मामा म्हणजे आईचा भाऊ, पौडला राहायचा. मुलाचं पौडच्या बाजारातच सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, घर कासार आंबोलीच्या शिवारात. पाहुणे मला बघायला आले तेव्हा सगळ्यांनी विचारायचं ते विचारलं, स्वयंपाक, शिवण, शाळा किती. शेवटी कुणीतरी मुलाला म्हणालं, तुला काय इचारायचं ते इचार. तो म्हणाला, "तुमाला सायकल येती का?" मी मान खाली घालून बसायचं होतं, ते सोडून हसले. पाहुणे गेल्यावर आत्या म्हणाली, "सायकलीचं का इचारलं आसंल? बायकूला दुकानात बसवायचा इचार दिसतुया." आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, लवकर नवरा गेल्यामुळं आमच्याकडंच असायची. आबांनी संशय घ्यायला एखादी गोष्ट सोडली, तर ती उचलायला आत्या होतीच. मला मात्र तो मुलगा आवडला होता. हे मी आज लिहितेय. तेव्हा कुणाजवळ बोलले असते तर त्यातही काहीतरी निघालं असतं.

त्याच सुमारास सरकारनं चौदा कॅरटचा कायदा आणला. सोनारानं नवीन काही घडवायचं तर ते चौदा कॅरटचंच घडवायचं. सोन्याचे चोवीस भाग धरले, तर त्यातले चौदा भाग सोनं आणि उरलेलं तांबं नाहीतर चांदी. घरातले जुने दागिने ठेवायला कुणाची ना नव्हती, पण ते मोडून नवीन करायला गेलं की तेही चौदाचंच होऊन परत यायचं. सोनार हातावर हात धरून बसले. लोकांनी मात्र शब्द लगेच उचलला. भांडणात एकमेकाला 'चौदा कॅरटचा' म्हणायला लागले. आमची आत्या तर पातळ वरणालासुद्धा चौदा कॅरटचं वरण म्हणायची.

अशा वेळी माझा साखरपुडा आला. आमच्याकडं साखरपुड्याला दोन्ही बाजूंनी अंगठी घालायची, मुलाकडच्यांनी मुलीला आणि मुलीकडच्यांनी मुलाला. किती वजनाची घालायची हे आधी बोलून ठरवायचं, म्हणजे ऐनवेळी कुणाला कमीपणा नको. ते बोलायला मामा गेला आणि दुपारी परत येऊन ओट्यावर बसला. आम्ही बायका आत दाराशी.

"काय म्हनले?" आबांनी विचारलं.

"म्हनले, अर्धा तोळा सोनं घालू. तुमी बी तेवढंच घाला."

"आन तू किती म्हनला व्हतास?"

"मी काय म्हनायच्या आतच ते म्हनले."

आबांनी मामाकडं रोखून बघितलं. मग म्हणाले, "घासाघीस न्हाई?"

"न्हाई."

"एका बोलीत अर्धा तोळा?"

"व्हय."

"कुटंतरी पानी मुरतंय," आबा म्हणाले.

त्यावर तासभर चर्चा झाली. अर्धा तोळा म्हणजे आमच्या खोऱ्यात भारीच अंगठी. चार आणे भार, म्हणजे पाव तोळा सोनं घालून लोक साखरपुडे उरकत होते. मग हे अर्धा का म्हणाले? मुलात खोट असेल. नाहीतर आपल्याकडून अर्धा काढून घ्यायचा डाव असेल. आबा म्हणाले, आपण चार आण्यांचीच घालू. आत्या म्हणाली, हलकी घातली तर पोरीचा बाप चिकट म्हणतील. मग पाऊण घालू का? तर आत्याच म्हणाली, जड घातली तर म्हणतील पोरीतच काहीतरी हाय, म्हणून सोन्यानं झाकत्यात. मामा मधेच म्हणाला, अहो, ते अर्धा म्हणाले, आपण अर्धा घालू, संपलं. दोघांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो चहा मागायला आत आला.

शेवटी अर्धाच ठरला. पण मग पुढचा प्रश्न. नवीन सोनं घेतलं की ते चौदाचं. ते फिकट, तांबूस दिसतं. मुलाच्या बोटात घातल्यावर चार लोक म्हणणार, चौदाची दिली. आबांना ते सहन होणारं नव्हतं. जगावर संशय घेणाऱ्या माणसाला आपल्यावर कुणी संशय घेतलेला अजिबात चालत नाही, हे मी तेव्हाच बघितलं. मग चांगलं सोनं आणायचं कुठून? आत्यानं काही न बोलता आईच्या कानांकडं बघितलं. आबांनीही बघितलं.

आईच्या कानात बुगड्या होत्या, कानाच्या वरच्या पाळीत घालतात त्या. तिच्या माहेरच्या. जुनं, बावनकशी सोनं, आणि जोडीचं वजन बरोबर अर्ध्या तोळ्याला येईल असं. आईला कुणी विचारलं नाही. तिनंच दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर त्या काढून देवापुढं ठेवल्या आणि भोकं बुजू नयेत म्हणून कानांत केरसुणीच्या काड्या घातल्या. त्या दिवसापासून ती पदर डोक्यावरून जरा पुढं ओढून वावरायला लागली.

चांगल्या सोन्याची अंगठी घडवणं आता गुन्हा होता. पण ओळखीचा एक म्हातारा सोनार तयार झाला. भर दुपारी दार लोटून तो आत बसला आणि त्याची बायको बाहेर उंबऱ्यात तांदूळ निवडत राखण करत राहिली. आबा समोर बसून होते, कारण बुगड्यांतलं गुंजभर सोनं सोनार खाईल अशी त्यांची खात्री होती. अंगठी हातात आल्यावर त्यांनी ती दोनदा झेलली आणि 'हं' म्हणाले. तो 'हं' बरा होता.

तरीही मनातली पाल गप्प बसेना. साखरपुड्याच्या आधल्या बाजारी आबा शेजारच्याची सायकल मागून घेऊन पौडला निघाले. त्यांना सायकल येत नव्हती, हातात धरून चालत गेले. पौड जवळ आल्यावर चाकाची हवा सोडली, टोपी खिशात घातली, उपरण्याचं मुंडासं बांधून त्याचं टोक तोंडावरून घेतलं आणि मुलाच्या दुकानात जाऊन उभे राहिले. म्हणाले, पंक्चर हाय. मुलानं चाक पाण्यात फिरवून बघितलं. "पंक्चर न्हाई बाबा. हवाच गेलीया." त्यानं हवा भरली. आबांनी पैसे विचारले तर म्हणाला, हवेचे काय घ्यायचे. वर चहा पाजला. आबा घरी आले ते काळजीनं काळवंडून.

"लई साळसूद हाय," ते म्हणाले. "असलीच मान्सं घात करत्यात."

मी आत भाकरी थापत होते. भाकरी तव्यावर टाकताना माझा हात भाजला, तेही कळलं नाही. वाटलं, आता हे मोडणार. पंक्चर काढून पैसे घेतले असते तर लबाड, नाही घेतले तर घातकी. त्या मुलानं करायचं तरी काय?

पण आमंत्रणं गेलेली होती. साखरपुडा झाला, आमच्याच अंगणात. मुलाकडची माणसं पायी आली, उसने बैल नव्हते. साखरेचा पुडा, साडी, नारळ, सगळं रीतीनं झालं. मुलाच्या आईनं माझ्या बोटात अंगठी घातली. मामानं मुलाच्या बोटात आमची घातली. आता सुपारी फोडली की झालं.

आत्या माझ्या शेजारी बसली होती. कौतुक केल्यासारखं करत तिनं माझा हात हातात घेतला, जरा उचलला, जरा सोडला. तिचा चेहरा बदलला. ती उठून आबांच्या कानाशी गेली. मला ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरज नव्हती. ती अंगठी बोटाला जड लागत होती, हे मलाही कळलं होतं. अर्ध्या तोळ्यापेक्षा कितीतरी जड. आणि रंग तांबूस. जड आणि तांबूस, म्हणजे काय, हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. तांब्यावर मुलामा.

आबा उठले, माझ्यापुढं आले आणि हात पुढं केला. "काढ."

भर मांडवात मी अंगठी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दोनदा झेलली. सगळी माणसं बघत होती. भटजींचा हात सुपारीवर तसाच राहिला. आबा 'हं' म्हणाले. मला तो मांडव, ती साखर, ती साडी, सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं. मी त्या मुलाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. तो रागावलेला दिसत नव्हता, घाबरलेला मात्र दिसत होता.

"पाव्हणं," आबा मुलाच्या वडलांना म्हणाले, "ठरल्याली अंगठी अर्ध्या तोळ्याची. ही पाऊन तोळ्याच्या वर भरती. वर घालायचं कारन काय?"

मुलाचे वडील वाळलेले, उंच, कमी बोलणारे. ते सावकाश म्हणाले, "मी अंगठी म्हनालोच न्हवतो."

"मंग?"

"सोनं म्हनालो व्हतो. अर्धा तोळा सोनं. ह्यांस्नी इचारा."

सगळे मामाकडं वळले. मामा चाचरत म्हणाला, "व्हय. सोनंच म्हनले व्हते."

"सोनार म्हनला, आता घडंल ते चौदाचंच," मुलाचे वडील पुढं बोलायला लागले. "मंग त्यात अर्धा तोळा सोनं बसवायचं, तर तांबं वर पडनारच. ते पडलं. म्हनून जड झाली. तांबं मी द्यायचं बोललो न्हवतो, म्हनून मी ते धरलं न्हाई."

आबा अंगठी हातात घेऊन तसेच उभे. त्यांना हे कळलं होतं, पण पटत नव्हतं. कायदा आडवा आला म्हणून सगळी दुनिया अर्ध्या तोळ्याच्या अंगठीत निम्म्याहून थोडं जास्त सोनं घालून मोकळी होत होती, आणि कुणी कुणाला खोटं म्हणू शकत नव्हतं. मग ह्या माणसाला पदरचं जास्त सोनं घालायला काय झालं होतं?

"आसं कुनी करतं का?" आबांनी विचारलंच.

"आमचं गाव धरनात गेलं," मुलाचे वडील म्हणाले. "खाली येऊन आमी रान घेतलं. इकनारा चार एकर बोलला आन चार एकरच मोजून दिली. खोटं न्हाई बोलला. पर कुळव घातला तवा कळलं, दोन एकर निस्ता कातळ. मोजनीला कातळ बी जमीनच की. तवापासनं मी काय द्यायचं बोललो, तर कातळ धरून बोलत न्हाई."

एवढं बोलून ते खाली बसले. मला वाटलं, सुटले. पण मुलाचा चुलता तापला होता. पुतण्याच्या सासऱ्यानं भर मांडवात अंगठी झेलून बघितली, हे त्याला लागलं होतं, आणि लागणारच. त्यानं मुलाचा हात धरून वर केला.

"आन ही वो? ही कशी पिवळीधमक? चौदाची तर न्हवं. नवी घडवली तर कुन्या सोनारानं घडवली, नाव सांगा. जुनी आसंल तर कुना मेलेल्याच्या बोटातली हाय, ते सांगा."

सोनाराचं नाव सांगावं तर त्या म्हाताऱ्यावर खटला. जुनी म्हणावं तर नवऱ्या मुलाला कुणाच्या बोटातली उतरलेली अंगठी घातली, असा अपशकुन पदरात. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या माझ्या वडलांना त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. चुलता उठून उभा राहिला, त्याच्यामागं आणखी दोघं उठले. चपला शोधायला लागले. तिसरं मोडलं, एवढंच डोक्यात येत होतं.

"माज्या बुगड्या हायेत त्या."

आवाज दारातून आला. आई उंबऱ्यात उभी होती. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. "माज्या माहेरच्या. मोडून अंगठी केलीया. मेल्याल्या कुनाच्या न्हाईत." बोलताना पदर मागं सरकला आणि कानांतल्या काड्या सगळ्या मांडवाला दिसल्या.

मुलाच्या वडलांनी एकदा तिकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. भावाला म्हणाले, "बस खाली." तो बसला. मग भटजींना म्हणाले, "फोडा सुपारी."

सुपारी फुटली. आबांनी अंगठी माझ्या हातावर परत ठेवली. मी ती पुन्हा बोटात घातली. तांबूस होती, जड होती, आणि मला फार आवडली.

साखरपुडा आणि लग्न यांत तीनेक महिने गेले. तेवढ्या काळात आबांनी संशय सोडला असेल असं वाटत असेल तर आबा तुम्हाला कळले नाहीत. "येवढ्या लवकर मिटवलं का त्यांनी?" हे ते रोज जेवताना विचारायचे. आत्या म्हणायची, मानपानाला काढतील. मानपानाचं बोलणं झालं, त्यांनी काही काढलं नाही. आबांची झोप उडाली.

लग्न लागलं, पंगती उठल्या. निघायच्या आधी व्याही भेटले. माझे सासरे, आता सासरेच म्हणायचं, आबांना भेटले आणि मग खिशातून एक कागदाची पुडी काढून त्यांच्या हातावर ठेवली. आबांनी उघडली. आत दोन बुगड्या होत्या. फिकट, तांबूस, चौदाच्या.

"इहीनबाईंला," सासरे म्हणाले.

आबांचा चेहरा मी बघत होते. त्यांनी पहिल्यांदा बुगड्यांकडं बघितलं, मग सासऱ्यांकडं. "ह्यांचं तर काई ठरलं न्हवतं," ते म्हणाले.

"न्हवतं ठरलं. म्हनून वजन सांगत न्हाई."

माझ्या शेजारी आत्या पुढं झुकून बघत होती. माझा नवरा हळूच मला म्हणाला, "आता झेलतील बघ. त्या दिशी दुकानात मी मुंडाशातनं वळखलंच व्हतं आबास्नी. पंप हातात घेतला तर त्यो बी झेलून बघितला." मी हसले नाही. मी आबांच्या तळहाताकडं बघत होते. मला आठवतंय तेव्हापासून त्या हातावर जे आलं ते झेललं गेलं होतं; माझी पाटीसुद्धा, मी पहिलीत असताना.

हात हलला नाही. बुगड्या नुसत्या पडून राहिल्या होत्या त्यावर. मग आबा वळले, चार माणसांतून चालत आईपाशी गेले आणि पुडी तिच्या ओंजळीत दिली.

"घाल," ते म्हणाले.

आईनं तिथंच कानांतल्या काड्या काढल्या. मला रडू फुटलं. सासरी जायचं म्हणून रडतेय असं समजून बायका मला उगी करायला लागल्या, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही.